कुंदाबाई वेबसाइट तपासतात

फोनमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईशी भांडणारी माणसं जगात आणखीही असतील. पण फोन ठेवून, घोटभर पाणी पिऊन, पदर खोचून, राहिलेलं भांडण पुरं करायला पुन्हा तोच नंबर लावणारी बाई मी एकच पाहिली आहे. कुंदाबाई शहारे. भंडाऱ्याजवळ वरठीला आमच्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हे भांडण मला सकाळच्या चहाबरोबर फुकटात मिळतं.

“आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या उत्तर देत नाही...”

“काहून देत नाही? तिले विचारलं का तू?”

“कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.”

“थोडा म्हंजे किती? वेळ सांग नं! नोकरीवर हायेस का जत्रेले आली?”

हा राग नुसता स्वभावातला नाही, धंद्यातला आहे. कुंदाबाई भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल लावून देण्याच्या काळात लागल्या, मग यंत्रं आली तशा चौकशीच्या खिडकीवर गेल्या, आणि शेवटी तक्रारींच्या टेबलावरून रिटायर झाल्या. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तिकडच्या तक्रारी हळूहळू तिकडे जायला लागल्या, तेव्हा आपल्या हक्काच्या अर्ध्या तक्रारी कोणी चोरून नेल्यासारखं त्यांना वाटलं. “जिल्हा तोडला तं तोडला, मानसं कायले तोडली?” हे त्या अजूनही विचारतात. कोणाला, ते ठरलेलं नाही. समोर जो असेल त्याला.

त्यांचं साधं मत असं, की जे बोलतं त्याच्यामागे माणूस पाहिजे. स्टेशनवरचं वजनाचं यंत्र, बँकेचं पैसे काढायचं यंत्र, गॅस बुकिंगचा नंबर, सगळ्यांना त्या एकच प्रश्न विचारतात, “यात मानूस कुठी हाये?” बँकेच्या यंत्राने ‘धन्यवाद’ म्हटलं, तर मागे रांग उभी असताना त्या मान वळवून सांगतात, “पाहा, चेहरा नाही अन् धन्यवाद देते.”

मी वेबसाइट बनवतो. वरठीत हे सांगितलं की लोक म्हणतात, “ते ठीक हाये, पन काम काय करता?” आजवर एक राइस मिल, एक मंगल कार्यालय आणि दोन शिकवणी वर्ग माझ्या हातून इंटरनेटवर गेले आहेत. अशात भंडाऱ्याहून एका वकिलांच्या ऑफिसचं बोलावणं आलं. कोर्टाच्या रस्त्यावरचं मोठं ऑफिस. नाव सांगत नाही, वकील आहेत.

त्यांची वेबसाइट आधीच होती, नागपूरच्या कुठल्याशा कंपनीकडून करून घेतलेली, चकचकीत. मोठ्या साहेबांची तक्रार एवढीच, की ती कोणी वापरत नाही. “लोकांना वापरता का येत नाही, तेवढं तपासून सांगा,” ते म्हणाले. ‘येत नाही’ म्हणताना सगळा दोष लोकांवर टाकून ते मोकळे झाले.

असं तपासायची एक सोपी रीत आहे. साधी माणसं आणायची, साइटसमोर बसवायची, एखादं काम सांगायचं आणि मुकाट्याने पाहायचं, कुठे अडतात, कुठे चुकतात. मी बायकोकडून चार-पाच नावं काढून घेत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, “माहं नाव काहून नाही त्यात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई चष्मा पुसत हजर. मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि नियमाप्रमाणे सांगितलं, “मनात जे येईल ते मोठ्यानं बोलायचं.”

हे वाक्य कुंदाबाईंना सांगायची वेळ आजवर कोणावर आली नसावी.

वकिलांना जाहिरात करायला मनाई असते. म्हणून त्यांच्या साइटवर आत शिरण्याआधी एक चौकट येते: मी स्वेच्छेने या संकेतस्थळावर आलो असून मला कोणीही आमंत्रण अथवा प्रलोभन दिलेले नाही. खाली दोन बटणं. ‘सहमत’ आणि ‘असहमत’.

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवत.

“मले कोनी बोलावलं नाही?”

“बाई, तो नियम आहे. सगळ्या वकिलांच्या साइटवर असतो.”

“तूच तं बोलावलं मले! चहा पाजतो म्हनला. अन् आता लिहून घेऊन राहिले का मी आपल्या मनानं आली? प्रलोभन नाही म्हनते! चहा अजून आला नाही, ते गोष्ट खरी हाये.”

आणि त्यांनी ‘असहमत’ दाबलं. साइट बंद झाली.

“पाय! जरासं नाही म्हनलं तं हाकलूनच देलं. हे काय न्याय करतीन?”

चहा आला, मग त्या सहमत झाल्या. आत पहिल्याच पानावर मोठी चित्रं एकामागून एक सरकत होती. प्रत्येकावर दोन ओळी. बाई पहिली ओळ वाचून होईपर्यंत चित्र पळायचं. “थांब! थांब नं! चोरी केली का, पळते कायले?” तिसऱ्या चित्रात लाकडी हातोडा होता. त्याच्यावर त्यांची नजर बसली. “भंडाऱ्याच्या कोर्टात हातोडा पाहिला का तू कधी? मी साक्षीले गेली होती एक डाव. जजसाहेबाजवळ पंखा होता, पानी होतं, हातोडा नव्हता. हे वकील हायेत का सुतार?”

मग वकिलांचे फोटो. काळे कोट घालून, हाताची घडी घालून सगळे ओळीत उभे. “घडी कायले घालून राहिले? काम करायचं नाही का?” खाली लिहिलं होतं, ‘आमचे प्रॅक्टिस एरिया’. “एवढे केस पांढरे झाले अन् अजून प्रॅक्टिसच करून राहिले?”

बाईंचं सगळंच बरोबर होतं असं नाही. माउस त्यांनी आधी उचलून काचेवर घासला. पान खाली सरकवायचं असतं हे मान्यच केलं नाही. मी सरकवून दाखवलं, तर माझ्यावरच उखडल्या, “तळघर बांधलं अन् पायऱ्या लपवून ठेवल्या.” अक्षर एस.टी.च्या पाटीएवढं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बरोबर आणि चूक त्या एकाच पट्टीतल्या आवाजात सांगतात, त्यामुळे लिहून घेणाऱ्याला निवडत बसावं लागतं.

मी त्यांना पहिलं काम सांगितलं. “समजा, तुमच्या घराच्या वाटणीचा वाद आहे. त्यासाठी वकील शोधा.”

“माह्या घरात वाद नाही. कायले समजू?”

“नुसतं समजायचं, बाई.”

“खोटं समजत नाही मी. मले लग्नाचं पाहायचं हाये.”

मी चमकलो. “कोणाच्या?”

“तुले काय करायचं? तू वेबसाइट पाय.”

कौटुंबिक कायद्याचं पान उघडलं. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, घरगुती हिंसाचार. बाईंनी बोट ठेवून एकेक वाचलं आणि त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. “लग्न मोडायच्या चार गोष्टी हायेत. लावायची एक बी नाही?”

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून टुणकन चॅटबॉटचं गोल तोंड वर आलं. नमस्कार! मी न्यायदूत. मी आपली काय मदत करू? मला त्याच क्षणी लॅपटॉप बंद करायला हवा होता. पण बाईंनी एका बोटाने, एकेक अक्षर ठोकत लिहिलं: लग्न करायचं आहे.

न्यायदूताने क्षणभर विचार केल्याचं नाटक केलं. क्षमस्व, मला समजले नाही. विवाहविषयक सेवांसाठी पर्याय निवडा. घटस्फोट. पोटगी. ताबा.

“अबे, अजून लागलं नाही अन् तू मोडून राहिला!” बाई स्क्रीनवर ओरडल्या. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. त्याने पुन्हा तेच विचारलं. असं होत होत शेवटी न्यायदूत म्हणाला, आपले समाधान झाले का? कृपया पाच तारे द्या. बाईंनी जे दिलं, त्यात माझ्या कीबोर्डाचं एक बटण उखडून चहाच्या कपात पडलं.

“यात मानूस कुठी हाये?” त्या उभ्या राहून गरजल्या आणि चप्पल घालून निघून गेल्या. मला वाटलं, झाली तपासणी.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. सोबत रतन.

रतन त्यांचा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, हसरा. स्टील प्लँटच्या रस्त्यावर त्याचं सायकली-मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आईवडील गेल्यावर आंधळगावचं घर सोडून ही दोघं वरठीला आली आणि तेव्हापासून एकत्र राहतात. बाईंनी लग्न केलं नाही. काहून, असं विचारायची कोणाची हिंमत नाही. गल्लीतले टवाळ म्हणतात, देवानं जोडी बरोबर लावली, एक दिवसभर बोलते अन् दुसऱ्याले आयकू येत नाही. हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याची मोटारसायकल रतनने नीट करून दिली; बाईंनी मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

दोघांची खुणांची भाषा घरचीच. लहानपणी आंधळगावात जमेल तशी जुळवलेली. पुढे रतन नागपूरच्या मूकबधिर शाळेत थोडा शिकला, तिथल्या खुणा त्यात मिसळल्या. लिहायलाही येतं, आपल्या पद्धतीने. माझं त्यांच्यातलं नाव आहे नाकावर चष्मा आणि दहा बोटांनी हवेत टकटक. आज बाईंनी त्याला काहीतरी सांगितलं आणि हाताची घडी घालून ताठ उभ्या राहिल्या. ही ‘वकील’ची नवी खूण होती. साइटवरच्या फोटोतून आलेली.

“आता हा तपासन,” बाई म्हणाल्या. “मी बोलत नाही. तू बी बोलू नको.”

रतन बसला. चौकट आली, ‘सहमत’ दाबून मोकळा झाला. चित्रं पळाली, पळू दिली. न्यायदूत आला, त्याला फुलीने उडवलं. मग शांतपणे ‘संपर्क’ उघडलं. तिथे पत्ता होता, नकाशा होता आणि एक हिरवं बटण: आत्ताच बोला. लिहायला कुठेच जागा नव्हती. ईमेल नाही, व्हॉट्सॲप नाही. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, पान शेवटपर्यंत सरकवून पाहिलं. शेवटी स्वतःचा मोबाइल काढून साइट त्यावर उघडली आणि ते हिरवं बटण दाबलं.

मी स्पीकर लावून दिला. रिंग गेली.

“हॅलो,” पलीकडून एक बाईमाणूस. “हॅलो? कोण बोलतंय?”

रतनला स्क्रीनवर सेकंद पुढे सरकताना दिसत होते. कोणीतरी उचललंय एवढं त्याला कळलं. त्याने आमच्याकडे पाहिलं. मी काही बोलणार, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

“हॅलो! अहो, बोला ना! बोलायचं नसेल तर फोन कशाला करता? रिकामटेकडे लोक!”

फोन कटला. रतन त्या थांबलेल्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग आम्हाला त्याने खुणेने विचारलं, काय म्हणाले?

मी कुंदाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण त्यांनी भावाला एवढीच खूण केली: नंतर या म्हणाले. रतनने मान डोलावली आणि तो दुकानाकडे गेला.

तो गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर बाईंना कंठ फुटला, आणि मग मला सगळं कळलं.

लग्न रतनचं होतं. मुलगी, म्हणजे तीही चाळिशीपुढची बाई, साकोली तालुक्यातल्या एकोडीची. सुमन. तिलाही ऐकू येत नाही. ओळख मोबाइलवर झाली, विदर्भातल्या अशा लोकांचा एक गट आहे त्यात. “वर्षभर पाहून राहिली मी,” बाई म्हणाल्या. “हा मोबाइल भिंतीले टेकवून ठेवते अन् त्याच्यापुढं हात हलवते. मले वाटलं माश्या हाकलून राहिला. मंग वाटलं डोकं फिरलं. मी इतकी वर्षं फोनवर काढली, बाबू, पन एक शब्द न बोलता घंटाघंटा फोन करनारा मानूस नाही पाहिला!”

“मग चांगलं झालं की.”

“चांगलंच झालं नं! मी कुठी वाईट म्हनलं?” त्या माझ्यावरच खेकसल्या. “लग्नाची नोंदनी करायले गेलो चौघंही. ती, तिची म्हातारी माय, हा अन् मी. तिथल्या बाबूनं कागद पाह्यले. मंग मले विचारते, ‘यांची संमती हाये का?’ मी म्हनलं, त्याले विचारा. तो म्हनते, ‘त्यांले आयकू येत नाही, तुम्हीच सांगा.’ मी म्हनलं, लग्न माह्यं हाये का? तो म्हनते, ‘तोंडानं हो म्हनावं लागते, नियम हाये, वकील घेऊन या.’ त्याच्या तोंडाकडं एक डाव पाह्यलं नाही त्यानं! भाऊ समोर उभा, नवा सदरा घालून, अन् हा मले विचारते, ‘त्यांले कळते का, लग्न म्हंजे काय?’”

इथे त्यांचा आवाज फाटला. दुःखाने नव्हे, रागाने.

“आयकू येत नाही. अक्कल येते!”

म्हणून त्यांना वकील पाहिजे होता. आणि म्हणूनच त्या माझ्याकडे तपासायला बसल्या होत्या. त्या स्वतः फोन लावून सगळं सांगू शकल्या असत्या. त्यांच्याइतकं फोनवर बोलणं कोणाला जमणार? पण त्यांना ते करायचंच नव्हतं. “जनमभर मीच बोलली त्याच्या नावानं. दवाखान्यात मी, बँकेत मी. लग्नाचं बी मीच बोलू? त्याचं त्याले विचारता आलं पाह्यजे.”

आता मलाही राग आला होता. त्या दिवशी मी अहवाल लिहिला. पळती चित्रं थांबवा, न्यायदूताला काढा, लग्न लावायचंही एक पान ठेवा हे सगळं होतंच, पण सगळ्यात वर लिहिलं: ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी लिहायची जागा करा. तशी एक चौकट बनवूनही ठेवली आणि साहेबांची वेळ घेतली. कुंदाबाई म्हणाल्या, आम्ही बी येतो. नाही म्हणायची सोय नव्हती.

मोठ्या साहेबांनी अहवाल चाळला. “फॉर्म नको. लोक काहीही लिहितात. फुकटचा सल्ला मागतात. ज्याला खरी गरज असेल तो फोन करेल.” मग कुंदाबाईंकडे वळून, रतनकडे बोट करत म्हणाले, “यांचं काय काम आहे?”

झालं.

“मले काहून विचारता?” कुंदाबाई खुर्चीवरून उठल्या. “तो इथंच बसला हाये. तुमच्या त्या दिव्य वेबसाइटवर गेला, सहमत बी झाला. तुमच्या बाईनं फोनवर त्याले रिकामटेकडा म्हनलं! घडी घालून फोटो काढता, हातोडा दाखवता, अन् मुक्या मानसानं दारात यायचं कसं, ते सांगा! त्याले विचारा!”

“अहो बाई, त्यांना ऐकू येत नाही ना...”

“म्हनून तं लिहायची जागा मागून राहिलो आम्ही!”

आवाज ऐकून आतल्या खोलीतून साहेबांची सून आली. तीही वकील, ॲडव्होकेट मेघा. काय झालं ते तिला दोन वाक्यांत कळलं, कारण रस्त्यावरच्या पानवाल्यालाही ते एव्हाना कळलेलं होतं. ती खुर्ची ओढून रतनसमोर बसली, आपला लॅपटॉप उघडला, अक्षर मोठं केलं आणि लिहिलं: नमस्कार. मी मेघा. तुमचं काम काय आहे?

स्क्रीन तिने त्याच्याकडे वळवली. रतनने वाचलं आणि सवयीने बहिणीकडे पाहिलं. सवयीनेच बाईंचे हात सांगायला वर उठले.

“बाई,” मेघाताई हलकेच म्हणाल्या, “त्यांना लिहू द्या.”

बाईंचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि पदराखाली एकात एक धरून ठेवले. रतन एका बोटाने लिहीत होता. सगळे थांबले. साहेबसुद्धा. थांबायची कोणाला सवय नव्हती.

त्याने लिहिलं होतं: मी लग्न पाहिजे. सुमन एकोडी. दोघं ऐकत नाही. ऑफिस साहेब ताईला विचारते हो का. मी हो. मला विचारा.

मोठ्या साहेबांनी सुनेच्या खांद्यावरून ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग चहा सांगितला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “टाका ती चौकट. पण हातोडा राहील.”

पुढचं काम मेघाताईंनी केलं. हो म्हणायला तोंडच लागतं असं काही नाही, हे त्या कार्यालयाला त्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून समजावलं. मात्र त्यात एक गोष्ट निघाली. रतन आणि सुमनच्या खुणा अधिकाऱ्यांना सांगणारा माणूस घरचा नसावा, असं मेघाताईंचं म्हणणं पडलं. म्हणजे उद्या कोणी बोट ठेवायला नको. नागपूरच्या मूकबधिर शाळेतल्या एक शिक्षिका यायच्या ठरल्या.

कुंदाबाईंनी हे ऐकलं आणि आठवडाभर मेघाताईंचं नाव काढलं की भांडी आपटली. “माह्या भावाचं बोलनं परकी बाई सांगन? तिले काय मालूम, तो नाक खाजवते तेव्हा काय म्हनते?” मी म्हटलं, “बाई, तुम्हीच म्हणत होता ना, त्याला विचारा म्हणून.” त्यावर त्यांनी माझ्याशीही बोलणं टाकलं. संध्याकाळपर्यंत.

नोंदणीच्या दिवशी मी साक्षीदार होतो. तोच बाबू, तेच टेबल. शिक्षिकेने हातांनी प्रश्न विचारला. रतनने छातीवर हात ठेवून, सुमनकडे बोट करून, सावकाश होकार दिला. सुमनने मात्र दोन्ही हातांनी एवढा जोरदार होकार दिला, की टेबलावरचा शिक्क्याचा डबा खाली पडला. बाबूच हसला आणि वाकून त्याने तो उचलला. कुंदाबाई दाराजवळ उभ्या होत्या. नवी साडी, हातात हारांची पिशवी, आणि करायला काही नाही. इतका वेळ गप्प उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नंतर एकोडीच्या विहारात वंदना झाली, जेवणं झाली, आणि तिथे पंगतीत भात वाढणाऱ्यावर त्या इतक्या ओरडल्या की माझ्या जिवात जीव आला.

रतन एकोडीलाच राहिला. सुमनची आई थकलेली, थोडी धानाची शेती, ती सोडून सुमनला येता येत नव्हतं. साकोलीच्या रस्त्याला त्याने दुकान टाकलं. हे सगळं बाईंनीच ठरवून दिलं होतं, त्याचं सामान त्यांनीच बांधून टेम्पोत चढवलं, आणि टेम्पोवाल्याला दोरी नीट बांधत नाही म्हणून फैलावर घेतलं.

नंतर एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. बसल्या. इकडेतिकडे पाहिलं.

“दुसरी वेबसाइट नाही का एखांदी?”

“कशाला?”

“तपासाले. खराब असन तं अधिक चांगलं.”

मी म्हटलं, सध्या तर काही काम नाही. त्या उठल्या नाहीत. मी विचारलं, रतनचा फोन येतो का?

“येते नं. रोज येते संध्याकाळी. तो हात हलवते, मी हात हलवतो. सुमन मंधातच तोंड घालते. बरा हाये. वजन वाढलं त्याचं.” मग म्हणाल्या, “संध्याकाळचं ठीक हाये. दिवसाचं काय करावं समजत नाही. घरात आवाज नाही.”

“पण बाई, रतन तर...” मी म्हणालो आणि तिथेच जीभ चावली.

त्या चिडल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“मालूम हाये मले. त्याले आयकू येत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पन मी बोलली का तो पाहे. हातातला पाना ठेवून तोंडाकडं पाहे. आता बोलतो तं कोनी पाहत नाही.”

मी लॅपटॉप ओढला आणि राइस मिलची माझी जुनी साइट त्यांच्यासमोर उघडली.

“हे कायले एवढं हिरवं?” त्या लगेच सुरू झाल्या. “अन् हा फोटो कोनाचा? मालकाचा? तांदूळ इकायचा हाये का मालक?”

मी खुर्ची वळवली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो.

“माह्याकडं काय पाहून राहिला?” त्या डाफरल्या. “लिहून घे नं!”

मी काही लिहून घेतलं नाही. बाई बोलत राहिल्या.